चक्रीवादळ 31 मेपर्यंत थांबत नाही : महापालिका आयुक्तांस खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
तसेच आपत्ती व्यवस्थापन विभागातील सर्व अधिकारी यांस,

विषय : किनाऱ्यावरील सखल वस्त्यांसाठी चक्रीवादळ व पुराच्या तयारीचा स्वतंत्र, वस्तीनिहाय आराखडा करण्याबाबत.

महोदय,

दरवर्षी एप्रिल उजाडला की महापालिकेच्या पावसाळापूर्व कामांच्या बातम्या सुरू होतात. नाल्यांतला गाळ किती टक्के काढला, धोकादायक फांद्या किती छाटल्या, पाणी उपसणारे पंप कुठे बसवले, मॅनहोलना जाळ्या लागल्या की नाही, याचा हिशेब 31 मे ही मुदत डोळ्यांसमोर ठेवून मांडला जातो. हे काम आवश्यक आहे आणि नाल्यात उतरून ते करणाऱ्या कामगारांबद्दल माझ्या मनात आदर आहे. परंतु ही सगळी आखणी आभाळातून पडलेले पाणी समुद्रात नेऊन सोडण्याची आहे. समुद्रच वाऱ्यासकट वस्तीत शिरू लागला तर कोणी कुठे जायचे, किती वाजेपर्यंत निघायचे, निवाऱ्याची किल्ली कोणाकडे मिळेल, हे वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई, खारदांडा, चिंबई, माहीम, वरळी आणि कफ परेडच्या कोळीवाड्यांत व त्यांना लागून असलेल्या झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या माणसांना आजही नेमके सांगता येणार नाही. मी वर्सोवा कोळीवाड्यात लहानाची मोठी झाले आणि आजही तिथेच राहते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमची मागणी अशी आहे की, प्रत्येक सखल किनारी वस्तीचा स्वतःचा लेखी आराखडा असावा, तो वस्तीतल्या लोकांबरोबर बसून तयार व्हावा, आणि त्याची रंगीत तालीम वर्षातून दोनदा, एकदा 1 मेच्या आधी आणि एकदा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, प्रत्यक्ष गल्लीबोळांत व्हावी.

मुदतीचा मुद्दा आधी मांडते, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे, त्यामुळे 31 मेची मुदत पावसाच्या दृष्टीने ठीक वाटते. पण अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे हंगाम दोन असतात, एक पावसाळ्याच्या तोंडावर मे-जूनमध्ये आणि दुसरा पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. तौक्ते चक्रीवादळ 17 मे 2021 रोजी मुंबईच्या पश्चिमेकडून, इथल्या किनाऱ्याला न धडकता, गुजरातकडे गेले. तरीही त्या दिवशी कुलाब्याला ताशी 100 किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले, सांताक्रूझला चोवीस तासांत 200 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, विमानतळ आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू बंद ठेवावे लागले, आणि दूर समुद्रात तेलक्षेत्राजवळ पी-305 हा तराफा बुडून 70हून अधिक कामगारांचा जीव गेला. पावसाळापूर्व कामांच्या मुदतीला तेव्हा दोन आठवडे बाकी होते. मासेमारीबंदीही 1 जूनला लागते, त्यामुळे बोटी शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या नव्हत्या. पुढे 26 मे 2025 रोजी मोसमी पाऊसच मुंबईत नोंदीतल्या सर्वांत लवकरच्या तारखेला येऊन ठेपला, त्यातच अमावास्येचे उधाण होते, आणि वरळीचे आचार्य अत्रे चौक हे भुयारी मेट्रो स्थानक पाण्यात गेले. म्हणजे मुदत संपण्यापूर्वीच संकट दारात आल्याचे प्रसंग पाच वर्षांत दोनदा घडले आहेत.

पावसाळ्यानंतरच्या हंगामाची तर कोणतीही जाहीर तयारी होत नाही. नोव्हेंबर 1948 मध्ये मुंबईला चक्रीवादळाचा जबर तडाखा बसला होता, हे आता जुन्या माणसांच्याही आठवणीतून चालले आहे. 11 नोव्हेंबर 2009 रोजी फयान वादळाने अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडला, आणि कोकणातले कित्येक मच्छीमार समुद्रातून परतले नाहीत. डिसेंबर 2017 मध्ये ओखी मुंबईपर्यंत येता येता दुबळे झाले, पण महापरिनिर्वाण दिनासाठी दादरला आलेल्या अनुयायांच्या मुक्कामावर पाऊस कोसळला आणि महापालिकेने त्यांची सोय जवळच्या शाळांमध्ये केली. ऐनवेळी शाळा उघडून माणसांना आसरा देणे या शहराला जमते, हे त्या दिवशी दिसले. ऐनवेळच्या धावपळीला आधी ठरवलेल्या व्यवस्थेचे रूप मिळावे, एवढेच मागणे आहे.

निसर्ग आणि तौक्ते या दोन्ही वादळांतून मुंबई बचावली, यावरून आपल्याला फारसा धोका नाही असा समज पसरला आहे. तो का खोटा आहे, हे किनाऱ्यावरच्या माणसाच्या नजरेतून सांगते. निसर्ग 3 जून 2020 रोजी आले. सुरुवातीचा अंदाज हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात किनारा ओलांडण्याचा होता, म्हणजे मुंबई त्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर होती. प्रत्यक्षात ते अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आले, तिथल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवून गेले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे वादळ ज्या दिशेने सरकते तिच्या उजव्या अंगाला वारा जास्त असतो आणि तोच पाणी किनाऱ्यावर लोटतो. निसर्गच्या वेळी मुंबई डाव्या अंगाला राहिली. दोनच दिवसांनी वटपौर्णिमा होती, समुद्र उधाणावर होता. वादळ थोडे उत्तरेला, पालघरच्या बाजूने वळले असते तर उजव्या अंगाचा वारा आणि पौर्णिमेची भरती आमच्या दारात एकत्र आली असती.

तौक्तेच्या वेळी मुंबई उजव्या अंगालाच होती. तेव्हा आम्हाला तिथीने तारले. कोळीवाड्यात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे : तिथीला पाऊणपट केले की भरतीची वेळ मिळते. त्या दिवशी वैशाख शुद्ध पंचमी होती, म्हणजे भरती दुपारी पावणेचारच्या सुमारास. अमावास्येचे उधाण ओसरून समुद्र भांगाकडे, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांकडे, निघाला होता, भरती साधारण उंचीची होती. हेच वादळ नऊ दिवसांनी, 26 मेच्या पौर्णिमेला आले असते, तर खाडीकाठच्या खालच्या आळीत किती पाणी चढले असते याचा विचार आमच्यातले तांडेल, म्हणजे बोटींचे कप्तान, त्याच रात्री बोलून दाखवत होते. एका वर्षी वाऱ्याने सोडले, दुसऱ्या वर्षी भरतीने सोडले. या दोन योगायोगांच्या भरवशावर शहराची तयारी असू नये.

वादळात समुद्राची पातळी दोन कारणांनी वाढते. केंद्रातला हवेचा दाब घटला की पाणी वर उचलले जाते, दर हेक्टोपास्कलमागे (हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) साधारण एक सेंटिमीटर; आणि त्याहून कितीतरी जास्त पाणी वारा किनाऱ्याकडे ढकलतो. ही फुग भरतीच्या उंचीत मिळवावी लागते. महापालिका दर पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध करते, ती आम्ही घरोघरी लावतो. पण त्या यादीतल्या आकड्यांत वादळाची फुग धरलेली नसते आणि लाटांची उंचीही नसते. शिवाय भरती चढलेली असताना पावसाळी गटारांची समुद्राकडची तोंडे पाण्याखाली जातात. या शहराची जुनी गटारे ओहोटीच्या वेळी ताशी 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेली होती. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि भरतीने त्याची वाट अडवली, तेव्हा काय झाले ते मुंबईला नव्याने सांगायला नको. त्यानंतर ब्रिमस्टोवॅड या पावसाळी गटारांच्या 1993 च्या आराखड्यातील ताशी 50 मिलिमीटर क्षमतेच्या कामांना वेग आला, हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गझधरबंध अशी पाणी उपसणारी उदंचन केंद्रे उभी राहिली, आणि जून 2020 पासून पुराचा पूर्वअंदाज देणारी आय-फ्लोज यंत्रणा आली. या कामांचा फायदा झाला आहे, हे मान्य करते. मात्र ही केंद्रे शहरातले पाणी समुद्रात फेकतात. समुद्राच्या काठालाच ज्यांची घरे आहेत त्यांना त्यांचा उपयोग मर्यादित आहे.

तौक्तेच्या दिवशीची, 17 मेची दुपार आमच्या गल्लीत कशी होती, ते थोडक्यात लिहिते, कारण आराखडा करणाऱ्यांना वस्तीचा अंदाज यायला हवा. आमची गल्ली दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे इतकी अरुंद आहे. मे महिना म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा महिना. वलांडीवर बोंबील वाळत होते, माळ्यावर सोडे आणि जवळा भरून ठेवलेला होता. सकाळपासून बायका बोंबील काढून गोणीत भरत होत्या आणि पुरुष पत्र्यांवर विटा, दगड, जुने टायर चढवत होते. दुपारी वारा फिरला तेव्हा शेजारच्या घराचा सिमेंटचा पत्रा उचलला गेला आणि त्याच्यावर ठेवलेली वीट गल्लीत येऊन पडली. तिथून दोन हात अंतरावर एक मुलगी गोणी ओढत होती. वजन ठेवल्याने पत्रा सुरक्षित राहतो ही आमची सगळ्यांची समजूत त्या झोतात उडाली. पत्रा वाशाला हुकाच्या बोल्टने आवळलेला हवा आणि वरून दोर टाकून खाली खुंटीला बांधलेला हवा. मोकळा दगड वर ठेवला की तो वादळात शस्त्र होतो. ही एवढीशी गोष्ट सांगायला वादळाआधी आमच्याकडे कोणी आले नव्हते, आणि आम्हीही कोणाला विचारले नव्हते.

त्या दिवशी खालच्या आळीतल्या लोकांना जवळच्या एका शाळेत जायला सांगितले गेले. म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून, लहान मुलांना कडेवर घेऊन काही कुटुंबे तिथवर गेली, तर फाटकाला कुलूप होते. किल्ली असलेला माणूस दूर राहत होता आणि गाड्या बंद होत्या. शेवटी ही कुटुंबे भिजलेल्या कपड्यांनी नातेवाइकांकडे विखुरली. मी कोणा एकाला दोष देत नाही. किल्ली कोणाकडे असावी हे कागदावर ठरलेलेच नसेल, तर असे होणारच. म्हणून आराखड्यात पहिली नोंद याची असावी : निवाऱ्याच्या इमारतीचे नाव, तिच्या किल्ल्या कोणत्या तीन व्यक्तींकडे आहेत, आणि त्यांतल्या दोघी-दोघे तरी वस्तीपासून चालत पोहोचतील इतक्या जवळ राहणारे असावेत.

निवारा म्हणून इमारत निवडताना ती महापालिकेची आहे एवढेच पाहून चालणार नाही. तळमजल्यावर पाणी येणारी शाळा पुराच्या वेळी निवारा होऊ शकत नाही. पहिला मजला आणि त्यावरचे वर्ग वापरात येणार असतील तरच ती यादीत असावी. काचेच्या मोठ्या खिडक्या, गच्चीवरचे सैल पत्र्याचे शेड, पाण्याच्या टाकीची अवस्था, स्त्रियांसाठी वेगळे आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह, व्हीलचेअर वर नेता येईल असा जिना किंवा उतार, या गोष्टी एप्रिलमध्येच तपासायला हव्यात. आमच्याकडच्या बायका वादळात घर सोडायला तयार होत नाहीत याचे कारण पुष्कळदा शौचालय हे असते, आणि दुसरे कारण दार उघडे टाकून गेल्यावर सामान चोरीला जाईल ही भीती. वस्ती रिकामी असताना पोलिसांची गस्त राहील असे आधी सांगितले, तर अर्धे लोक वेळेत निघतील.

मुंबईची एक सोय इतर किनाऱ्यांना नाही, आणि तिचा विचार व्हावा असे मला मनापासून वाटते. आमच्या कोळीवाड्याच्या पाठीला यारी रोडवर आणि सात बंगल्याला उंच, पक्क्या इमारती उभ्या आहेत. कित्येक मैल दूर नेण्याची गरज नाही. दहा-पंधरा मिनिटे चालून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर पोहोचता आले तर पाण्यापासून जीव वाचतो. गृहनिर्माण संस्थांचे सभागृह, वाहनतळावरचा मजला, शाळा-महाविद्यालयांचे वरचे वर्ग अशा जागा एका रात्रीसाठी देण्याबाबत महापालिकेने संस्थांशी लेखी करार करावा, त्यात विमा आणि सफाईची जबाबदारी महापालिकेने घ्यावी. त्या इमारतींत स्वयंपाकाला, धुण्या-भांड्याला जाणाऱ्या बायका आमच्याच गल्लीतल्या आहेत. दोन्ही बाजूंची माणसे रोज एकमेकांना भेटतात, फक्त वादळाच्या रात्री कोणता दरवाजा उघडायचा हे ठरलेले नाही.

ओडिशाचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते आणि ते योग्य आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे 10,000 माणसे मेली. 2013 मध्ये फायलिन आले तेव्हा तिथल्या सरकारने सुमारे 10 लाख लोकांना आधीच हलवले आणि मृतांची संख्या काही डझनांपुरती राहिली. मधल्या काळात गावोगावी निवारे बांधले गेले, त्यांची देखभाल करणाऱ्या स्थानिक समित्या झाल्या, स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळाले आणि दरवर्षी तालमी झाल्या. तिथले पोलीस किंवा अधिकारी जादूगार नव्हते. दार ठोठावणारा माणूस ओळखीचा होता, म्हणून लोक उठून निघाले. आमच्याकडे मच्छीमार सहकारी संस्था आहेत, जमातीचे पंच आहेत, महिला बचत गट आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, आरोग्यसेविका आहेत. प्रत्येक आळीला या माणसांतून दोघे नेमा, त्यांना बॅटरी, शिट्टी, दोर आणि ओळखपत्र द्या. त्यांनी सांगितलेले लोक ऐकतील.

इशाऱ्यांबद्दल दोन शब्द. हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग आता सर्वांना ठाऊक झाले आहेत, मोबाईलवर सूचनाही येतात. तरी ताशी किती किलोमीटरचा वारा येणार एवढे कळून खालच्या आळीतल्या आजीला काय करायचे ते कळत नाही. तिला असे सांगायला हवे : आज रात्री दहाच्या आत खाडीलगतच्या दोन आळ्यांनी अमुक शाळेत जायचे आहे, औषधे आणि कागदपत्रे बरोबर घ्या. हे मराठीत आणि हिंदीत, देवळाच्या, चर्चच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून सांगावे, कारण वीज गेली आणि मनोरे बंद पडले की मोबाईल निकामी होतो. बोटींवर काम करणारे खलाशी उत्तर प्रदेशातून आणि नेपाळमधून आलेले असतात, त्यांतले बरेच जण रात्री बोटीवरच झोपतात; कोणत्याही मतदारयादीत किंवा शिधापत्रिकेत त्यांचे नाव नसते. नाखवांकडून, म्हणजे बोटमालकांकडून, त्यांची यादी घेणे हे काम आराखड्यात वेगळे लिहून ठेवावे. हैदराबादची इन्कॉईस ही संस्था लाटांचे आणि वादळी उधाणाचे इशारे देते. ते इशारे आमच्या बंदरावर फळ्यावर, तिथीसह लिहिले गेले तर कोळी माणूस ते चटकन वाचेल.

मनोरी आणि गोराईचा प्रश्न तर निराळाच आहे. मार्वे-मनोरी आणि बोरिवली-गोराई फेरीबोट वादळात बंद होते, आणि मग जमिनीवरून बाहेर पडायला उत्तन-भाईंदरचा लांबचा वळसा उरतो. अडलेली बाळंतीण किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तर त्या वळशात जीव जाऊ शकतो. म्हणून तिथे वादळाचा इशारा लागताच, फेरी बंद होण्याच्या आधी, डॉक्टर, रुग्णवाहिका आणि औषधांचा साठा गावात आणून ठेवावा, आणि दिवस भरत आलेल्या बायकांना आदल्या दिवशीच अलीकडच्या रुग्णालयात आणावे. मढलाही जाणारा रस्ता एकच आहे. त्यावर झाड पडले तर ते उचलायला लागणारी करवत आणि माणसे रस्त्याच्या आतल्या बाजूला असली पाहिजेत.

बोटींचा विचार महापालिकेच्या कक्षेत येत नाही असे उत्तर आम्हाला याआधी मिळाले आहे. पण माणूस घर सोडून निवाऱ्यात का जात नाही याचे एक मोठे कारण बोट आहे. ज्याची आयुष्याची कमाई खाडीत हेलकावते आहे, तो तिला सोडून शाळेत जाऊन बसणार नाही. तौक्तेत खाडीत दाटीवाटीने नांगरलेल्या बोटी एकमेकींवर आपटून फुटल्या. कोणत्या बोटीने कुठे नांगर टाकायचा, दोन बोटींत किती अंतर ठेवायचे, कोणते दोर वापरायचे, हे मत्स्यव्यवसाय विभाग, बंदर खाते आणि महापालिका यांनी आमच्या तांडेलांबरोबर एकदा बसून ठरवले, तर वादळाच्या रात्री तरुण पोरे बोट वाचवायला अंधारात पाण्यात उतरणार नाहीत.

विजेच्या बाबतीत विनंती सरळ आहे. आमच्या गल्ल्यांत मीटरच्या पेट्या कंबरेच्या उंचीवर आहेत. पाणी चढण्याआधी पुरवठा कोणी, कोणाच्या निरोपावरून तोडायचा आणि परत कधी सुरू करायचा, हे वीज कंपनी आणि विभाग कार्यालय यांच्यात लेखी ठरावे, आणि पेट्या टप्प्याटप्प्याने वर घ्याव्यात.

वादळ सरल्यानंतरचे दिवस सर्वांत दुर्लक्षित असतात. पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसाने लेप्टोस्पायरोसिसचा प्रतिबंधक डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने 72 तासांच्या आत घ्यायचा असतो, ही सूचना महापालिका दरवर्षी देते; ती गोळी दवाखान्यात येऊन मागण्याऐवजी आरोग्यसेविकेने दारात आणून दिली तर खूप माणसे वाचतील. पंचनाम्याबद्दलही लिहायला हवे. तौक्तेनंतर आमच्याकडे नोंदी करायला आलेल्या कर्मचाऱ्याच्या अर्जात घराच्या पत्र्यांसाठी रकाना होता, माळ्यावर भिजून कुजलेल्या सुक्या मासळीसाठी नव्हता. ती मासळी म्हणजे मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांतले त्या घराचे जेवण आणि विक्रीचे उत्पन्न, आणि ते जवळजवळ सगळे बाईच्या हातातले. बोटीचे नुकसान मोजले जाते आणि तिचे राहून जाते. पंचनाम्याच्या अर्जात सुकी मासळी, टोपल्या, शीतपेट्या यांची जागा असावी, ही मागणी आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयाकडेही करणार आहोत.

कांदळवनाविषयी फार लिहीत नाही, कारण त्यावर न्यायालयापासून सरकारपर्यंत पुष्कळ बोलून झाले आहे. एवढेच म्हणते की मालाड खाडीच्या काठाला जिथे तिवरे दाट आहेत तिथे लाट मंद होऊन येते, आणि जिथे राडारोडा टाकून ती मारली आहेत तिथे पाणी सरळ घरात येते. राडारोडा टाकणारे डंपर रात्री येतात, हे सर्वांना माहीत आहे.

माझ्या वस्तीतल्या आणि इतर कोळीवाड्यांतल्या माणसांनाही याच पत्रातून काही सांगायचे आहे, कारण सगळे महापालिकेवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. आधार, शिधापत्रिका, बोटीची नोंदणी, विम्याचे आणि बँकेचे कागद एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ ठेवा आणि त्यांचे फोटो गावाबाहेरच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. रक्तदाबाची, साखरेची औषधे आठवडाभर पुरतील इतकी वेगळी काढा. तीन दिवसांचे पिण्याचे पाणी झाकण लागणाऱ्या कॅनमध्ये भरा, चणे-कुरमुरे-बिस्किटे असे न शिजवता खाता येईल ते बांधून घ्या, बॅटरी आणि पॉवर बँक चार्ज करून ठेवा. घर सोडताना गॅसचा रेग्युलेटर बंद करा, मेन स्विच पाडा. वारा एकाएकी थांबला आणि आभाळ उघडले तर वादळ गेले असे समजून बाहेर येऊ नका. कदाचित त्याचा डोळा माथ्यावर आला असेल, आणि थोड्याच वेळात उलट्या दिशेने तितकाच वारा सुटेल. लाटा बघायला पोरांना बंदरावर पाठवू नका. जून 2023 मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ शेकडो किलोमीटर दूर होते आणि तरी जुहूच्या समुद्रात मुले बुडाली. अडचण आली तर 1916 हा महापालिकेचा क्रमांक आहे. तो लहान मुलांनाही पाठ करून द्या.

महोदय, आमच्या बाजूने आम्ही सुरुवात करत आहोत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची, अंथरुणाला खिळलेल्यांची, डायलिसिसवर असलेल्यांची आणि गरोदर बायकांची यादी बचत गटाच्या बायका घरोघरी जाऊन करत आहेत. ही माहिती खासगी आहे, त्यामुळे ती फक्त विभाग कार्यालयाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती बंद पाकिटात देऊ, आणि दर सहा महिन्यांनी सुधारून देऊ. कोणत्या आळीत पाणी आधी चढते, कुठले गटार भरतीला उलटे वाहते, कुठून स्ट्रेचर निघत नाही, याचा हाताने काढलेला नकाशा आमच्या तांडेलांनी केला आहे. आपल्या के पश्चिम विभागाच्या अभियंत्यांनी, अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांनी आणि वीज कंपनीच्या प्रतिनिधींनी येत्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला, भरतीच्या वेळी, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास, आमच्याबरोबर तो नकाशा हातात घेऊन खाडीच्या काठाने एकदा चालावे. पाणी कुठवर येते ते तेव्हा समोरच दिसेल, आणि निवाऱ्याच्या इमारती त्याच फेरीत पाहून घेता येतील. यासाठी सोयीचा दिवस विभाग कार्यालयामार्फत मच्छीमार सहकारी संस्थेला लेखी कळवावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
वर्सोवा कोळीवाड्यातील एक रहिवासी